जुन्या तुसाचं विरजण

आमच्या लॅबमध्ये लोक रिपोर्ट न्यायला येतात. आकाराम भारमल रिपोर्ट घेऊन आले होते, तोही आमचा नव्हे, दुसऱ्याच दवाखान्यातला.

लॅब राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून सरांचा माइक ऐकू येत असतो आणि वर आम्ही रक्त, लघवी, थुंकी तपासत बसलेलो असतो. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथं नुकतीच लागले होते. काउंटरसमोर एक उंच माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, पँटच्या पायाशी चिकटलेलं भाताचं तूस, आणि खिशात पेन असावं तिथं स्टीलची छोटी पट्टी. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवून धरला.

"ओ मॅडम, ह्यात आर म्हंजे काय?"

कागद लघवीच्या कल्चरचा होता. डावीकडं औषधांची नावं, उजवीकडं एकाखाली एक आर, आर, आर, मधेच एखादा एस.

"डॉक्टरांनी सांगितलं नाही का?"

"सांगितलं की. म्हणले ह्या गोळ्या लागू पडत न्हाईत, इंजेक्शन घ्या. घेतलं, बरा झालो. का लागू पडत न्हाईत म्हणून इचारलं, तर म्हणले काय करतासा? म्हटलं, पोल्ट्री हाय. तर 'हूं' म्हणले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आता तो हूं काय हुता, तेवढं मला समजाय पायजे."

काउंटरवर तेव्हा गर्दी नव्हती, म्हणून मी सांगत बसले. आर म्हणजे त्या जंतूवर ते औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं. जंतू औषधाला पुरून उरायला शिकला. कोंबड्यांना पाण्यातून औषध देतात तेव्हा पोटातले कच्चे जंतू मरतात, एखादा टिकतो, आणि मग त्याचीच पिलावळ वाढते. विष्ठेतून तो बाहेर पडतो, धुळीत मिसळतो, हाताला लागतो.

"म्हंजे माझ्या कोंबड्यांतनं माझ्यात आला?"

"आला असेल, नसेलही. माणसंही अर्धवट गोळ्या खातात, त्यानंही होतं. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग तपासा की."

"काय?"

"कोंबड्या."

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. लॅब कुणाची, कोंबडीची तपासणी इथं होते का, तुम्ही कुठल्या, असं एकामागं एक विचारत सुटले. मी कागल म्हटल्यावर कागलात कुणाची, असं झालं. वडील पंचतारांकित एमआयडीसीत होते म्हटल्यावर त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"दादासोची पोर व्हय तू?"

त्या क्षणी मी मॅडमची तू झाले, आणि ते आकाराममामा.

संध्याकाळी पप्पांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. "आकाराम? चहा बंद पाडणारा?" दोघं एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर होते. कँटीनमध्ये नवीन चहाचं मशीन आलं, तेव्हा बटण दाबल्यावर दूध आधी पडतं की साखर, एवढं बघण्यासाठी आकाराममामांनी सुट्टीत त्याची मागची प्लेट उघडली. पुन्हा बसवली, पण मशीन काही चालू होईना. नवा माणूस येईपर्यंत अख्खी शिफ्ट त्यांना शिव्या देत गेटबाहेरच्या टपरीवर जात होती. "माणूस सोन्यासारखा," पप्पा म्हणाले, "पण त्याच्यापुढं झाकण असलेली वस्तू ठेवायची नाही."

कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली तेव्हा मामांनी नोकरी सोडली आणि मुरगूडच्या पुढं, गावाबाहेरच्या आपल्या रानात ब्रॉयलर कोंबड्यांची शेड घातली. कंपनीचा करार होता. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी आणि राबणूक यांची. पक्षी वजनाला आले की कंपनीची गाडी घेऊन जाणार. औषधाच्या बाटल्या यायच्या, सुपरवायझर सांगेल तेवढं टाकीत ओतायचं. ह्या बाटलीत काय आहे, असं मामा दरवेळी विचारायचे आणि "ताकदीचं" असं उत्तर मिळायचं.

आमच्या लॅबच्या सरांनी परवानगी दिली, मात्र सुट्टीच्या दिवशी आणि रोजच्या कामाला धक्का न लावता. मी शेडवर गेले. शेड म्हणजे लांबलचक पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना जाळी, खाली भाताच्या तुसाचा जाड थर आणि त्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा गालिचा. मी कापसाच्या काड्या घेऊन पक्ष्यांचे नमुने घेत होते. मामा एकेक पक्षी अलगद उलटा धरून देत होते. त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, ती जाळीबाहेर उभी राहून बघत होती.

"शिकून हेच करतासा व्हय?" ती म्हणाली. "आमी हे रोज झाडून टाकतो."

नमुन्यांची तपासणी साधी असते. काचेच्या बशीत खाद्याची जेली असते, तिच्यावर जंतू पसरायचे आणि वर औषधात बुडवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवायच्या. रात्रभर उबेत ठेवलं की जंतूंची साय धरते. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल रिकामा राहतो. चालत नसेल तर साय टिकलीला जाऊन भिडते.

आक्काला गुडघा दाखवायला राजारामपुरीत यायचं होतं, तेव्हा दोघं लॅबमध्ये आले. मी झाकण न काढता बशी काचेपलीकडून दाखवली.

"ह्या टिकल्या?" आक्का.

"हो. आणि ही साय म्हणजे जंतू. ई. कोलाय म्हणतात."

"सगळ्या टिकल्यांना शिवलंय की ओ."

मामा वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि काचेवरून एका टिकलीभोवतीचं अंतर मोजायला गेले. मोजायला अंतरच नव्हतं.

"आणि माझ्यातला?"

"तोच आहे असं छातीठोक सांगायला याहून मोठी तपासणी लागते. पण ज्या औषधांना तुमच्यात आर होता, त्यांनाच यांच्यातही आहे."

परत जाताना ते जिन्यात थांबले. "लोक माझ्याकडनं कोंबडं नेणार आणि त्याच्याबरोबर माझा आर पण घरी नेणार. हे काय पटंना."

मी म्हटलं, शिजवल्यावर जंतू मरतो. कच्चं मटण हाताळताना, सुरीवरून, पाटावरून कोशिंबिरीत जातो तो खरा धोका. आणि शेडमध्ये राबणाऱ्याला तर रोजचाच. त्यांनी मान हलवली, पण ते ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही फिरायला लागलं होतं.

ती बॅच गेल्यावर त्यांनी कंपनीचा करार सोडला. पिल्लं स्वतः आणायची, खाद्य स्वतः मिसळून घ्यायचं, आणि टाकीत पाण्याशिवाय काही घालायचं नाही. पक्षी आजारी पडलाच तर तो वेगळा काढून जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचं. मुरगूडच्या पेंटरकडून त्यांनी मोठा बोर्ड रंगवून आणला: 'बिनऔषधाची कोंबडी. आकाराम पोल्ट्री.' आणि तो घराच्या सोप्यात भिंतीकडं तोंड करून ठेवला.

"लावत का नाही?" मी विचारलं.

"तू हो म्हटल्याशिवाय न्हाय. टिकलीभोवती गोल पडला, की त्या दिवशी बोर्ड वर."

हे त्यांनी मला एकटीला सांगितलं असतं तर चाललं असतं. पण ते त्यांनी चहाच्या टपरीवर, चार माणसांत सांगितलं. गावात चिकनचं दुकान चालवणारा ज्ञानू तिथं होता. त्यानं ते गावभर केलं. मी शेडवर निघाले की हा दुकानातून हाक मारायचा, "काय पावणं, पडला का गोल?"

आषाढात गावची म्हाई होती. देवीची ही जत्रा आमच्या भागात काही वर्षांच्या अंतरानं येते. घरोघरी लेकी, जावई, पाहुणे उतरतात आणि प्रत्येक चुलीवर रस्सा चढतो. त्या दिवशी गावाला जेवढी कोंबडी लागते तेवढी एरवी वर्षभर लागत नसेल. मामांचा हिशेब सरळ होता. म्हाईच्या आधी बोर्ड वर गेला, तर गाव त्यांच्या शेडवर येईल, आणि आकाराम बोलला ते खरं झालं असं होईल. नाही गेला, तर पुढची म्हाई येईपर्यंत ज्ञानूच्या तोंडी ते राहतील.

पहिली बिनऔषधाची बॅच तपासली. साय टिकल्यांना भिडलेली. मी म्हटलं, इतक्या लवकर फरक पडणार नाही. दुसरी बॅच तपासली, तीच गत. तिसऱ्या बॅचला एका टिकलीभोवती नखाएवढी कड सुटली, बाकी जैसे थे. मी मामांना फोनवर सांगितलं.

"मी पाण्यात थेंब घातला न्हाय," ते म्हणाले. "लेकरांची शपथ घेतो."

"माझा विश्वास आहे, मामा."

"तुझा असंल. टिकलीचा न्हाय."

मला आता ते कोडं सोडून देववत नव्हतं. औषध थांबलं म्हणजे शिकलेला जंतू लगेच मरतो असं नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण शेड रिकामी होते, धुतली जाते, चुना मारला जातो, नवीन पिल्लं येतात. एवढ्या उलथापालथीत तोच जंतू पुन्हा त्याच जोमानं कसा उगवतो? मी बोअरचं पाणी तपासलं. स्वच्छ. खाद्य तपासलं. त्यातही काही नाही. नव्या पिलांच्या खोक्यातला तळाचा कागद मागवून घेतला, त्यावर पिलांची पहिली घाण असते. त्यात एक-दोन औषधांपुरता थोडा आर होता. पण शेडमध्ये दिसत होता तसला सगळ्या टिकल्या गिळणारा नव्हता. म्हणजे पिल्लं येतात बऱ्यापैकी कोरी, आणि शेडमध्ये पाऊल ठेवल्यावर शिकतात. कुणाकडून?

मामांना फोनवर विचारून विचारून माझे प्रश्न संपले. शेवटी मी म्हटलं, पिल्लं येतील त्या दिवशी मी सकाळपासून तिथं बसते. काही विचारत नाही, नुसती बघते.

शेड धुऊन कोरी करकरीत होती. नवं तूस पसरलं होतं, सोनेरी, कुरकुरीत. पिलांना ऊब मिळावी म्हणून पत्र्याचं गोल रिंगण करून वर बल्ब सोडले होते. गाडी यायला अवकाश होता. मामा मागच्या खोपटात गेले आणि ताडपत्रीत गुंडाळलेलं एक पोतं खांद्यावर घेऊन आले. पोतं उघडलं तर आत जुनं, काळपट, भुगा झालेलं तूस. ते घमेल्यात घेऊन त्यांनी रिंगणात, नव्या तुसावर, मूठ मूठ शिंपडायला सुरुवात केली. हळद टाकावी तसं, सगळीकडं सारखं.

"मामा, हे काय?"

"इरजण."

"कसलं?"

"कसलं म्हंजे? दुधाला लावतो तसलंच. नव्या तुसात पिलं टाकली की हगवण लागती, पांगुळती. मागल्या चांगल्या बॅचचं थोडं तूस टाकलं की धडधाकट ऱ्हात्यात. ह्यातलंच थोडं बाजूला काढायचं, बॅच संपली की पुन्हा पोत्यात. हे सगळेच करत न्हाईत, माझी मी रीत काढली. आक्काचं दही बघून सुचलं."

मी त्यांना शंभर प्रश्न विचारले होते. औषध काय, पाणी काय, खाद्य काय. ह्या पोत्याबद्दल त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं, खाद्य नव्हतं, म्हणून सांगण्यासारखंही नव्हतं. आणि मला विचारायला सुचलं नव्हतं.

गंमत अशी की त्यांचा तर्क चुकीचा नव्हता. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाचं पोट जवळजवळ रिकामं असतं. आईजवळ वाढलं असतं तर तिच्या विष्ठेतून त्याला चांगले जंतू मिळाले असते. ही पिल्लं मशिनमध्ये उबवलेली, आई त्यांना ठाऊक नाही. ती जे पहिलं टिपतील ते त्यांच्या पोटात वस्ती करणार. मामा त्यांना आईच्या बदली पोतं देत होते.

"हे पहिल्यांदा कुठल्या बॅचचं काढलं?"

त्यांचा चेहरा उजळला. "कंपनीच्या वेळची एक दिवाळीची बॅच हुती. तशी पुन्हा झाली न्हाय. मरतूक न्हाय, शिंक न्हाय, काय न्हाय. तवाच ठरवलं, हे इरजण सोडायचं न्हाय."

"त्या बॅचला औषधं कुठली दिली होती?"

ते बोलायच्या आधी आक्का बोलली. ती बल्बच्या वायरी सारख्या करत होती. "त्या बॅचलाच तर सगळ्यात जास्त बाटल्या आल्या हुत्या. मोकळ्या बाटल्यांचं गठुडं बांधून मीच भंगारवाल्याला घातलो की. तुमी इसरलासा व्हय?"

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही पुरुषांसारखं 'घातलो', 'गेलो' असंच बोलतात. मला त्या दिवशी मात्र वाटलं, तिच्या तोंडून मामाच कबुली देतायत.

मामा पालथ्या घमेल्यावर बसले. हातातलं तूस त्यांनी खाली टाकलं नाही, मूठ तशीच मिटलेली.

"म्हंजे ती बॅच माझ्या हातगुणानं न्हाय, बाटल्यांनी चांगली झालती."

"बरीचशी."

"आणि बाटल्या मी बंद केल्या. पण बाटल्या पिऊन शिकलेलं जंतू पोत्यात झाकून ठेवलं. दर खेपेला नव्या पिलास्नी चारलं."

आक्का हसली. "शाळा बंद केलासा आणि मास्तराला घरात ठेवून घेतलासा."

पोत्यातलं तूस मी तपासलं. साय सगळ्या टिकल्यांना भिडली. मला इतका आनंद झाला की मी लॅबमध्ये एकटीच हसत होते. कोडं सुटलं होतं. मी मामांना फोन केला आणि एका दमात सांगितलं: पोतं जाळा, रिंगणातलं तूस काढा, नवं टाका, शेडमधले बूट बदला, दाराशी चुन्याचं पाणी ठेवा. पिल्लं अजून लहान आहेत, म्हाईला वेळ आहे, ही बॅच कदाचित साधेल.

"न्हाय," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"लेथवर जॉब बिघडला तर आमी काय करायचो? एका वेळी एकच नॉब फिरवायचा. सगळे एकदम फिरवलास तर जॉब सुधरंल, पण कशानं सुधरला ते कळंल का? उद्या पुन्हा बिघडला तर?"

त्या दिवशी मी पोत्यातलं तूस घेऊन निघाल्यावर, पिल्लं उतरायच्या आधीच त्यांनी शेड मधोमध पत्रा लावून दोन भागांत तोडली होती. एका बाजूला पोत्यातलं तूस. दुसऱ्या बाजूला वरचा थर काढून कोरं नवं. पाणी तेच, खाद्य तेच, पिल्लं त्याच गाडीतली. आधी कोऱ्या बाजूला जायचं, मग जुन्या, आणि दोन्हीकडं वेगळे बूट, एवढीच ज्यादा खबरदारी.

"मामा, म्हाईला निम्मे पक्षी तर नक्की वाईट निघतील. बोर्ड कसा लावणार?"

"ते मला कळतंय की."

आक्का त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. माझ्याशी बोलली. "एवढं दिवस बोर्ड, बोर्ड करून आमचा जीव खाल्ला. आता हातातोंडाशी आलं तर ह्यास्नी बघायचंय. चहाचं मशीन असंच खोललतं, ठावं हाय न्हवं तुला?"

मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं.

पहिल्या आठवड्यात कोऱ्या बाजूची पिल्लं खरोखर ढिली पडली. पातळ हगवण, काही मेलीही. पोत्याच्या बाजूची टुणटुणीत. मामा रोज सकाळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघायचे आणि मला फोनवर सांगायचे, आवाजात वाईट वाटणं कमी आणि नवल जास्त. "आपुन म्हणतो ते इरजण काम तर करतंय बघ. चांगलंबी तेच, वाईटबी तेच." मग कोरी बाजूही सावरली.

म्हाईच्या आधीच्या आठवड्यात मी नमुने घेतले. लॅबमध्ये दोन्हीकडच्या बशा शेजारी शेजारी ठेवल्या आणि मामांना बोलावलं. पोत्याच्या बाजूच्या बशीत पूर्वीसारखीच साय. कोऱ्या बाजूच्या बशांत बऱ्याच टिकल्यांभोवती गोल पडले होते, स्वच्छ, काचेसारखे. सगळ्या नाही. दोन टिकल्यांना काही पक्ष्यांत अजूनही साय शिवलेली होती. पिलांबरोबर आलेली असणार.

मामांनी पट्टी काढली. ह्या वेळी मोजायला अंतर होतं. एकेक गोल त्यांनी काचेवरून मोजला, तोंडानं आकडा पुटपुटत. सगळं मोजून झाल्यावर पट्टी खिशात ठेवली.

"तू हो म्हणशील?"

मला हो म्हणायचं होतं. पण दोन टिकल्या समोर होत्या, आणि पत्र्यापलीकडची निम्मी शेडही.

"पूर्ण हो नाही म्हणता येणार, मामा."

"मग न्हाय म्हण की. अडखळतीस कशाला?"

म्हाईच्या आदल्या दिवशी मी आणि पप्पा गावात गेलो. पप्पांना आकाराममामांना भेटून बरीच वर्षं झाली होती. शेडच्या तोंडाशी बोर्ड वर टांगलेला दिसला. जवळ गेलो. पेंटरची सुबक अक्षरं वर तशीच होती. खाली मामांनी स्वतः, ब्रशनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत भर घातली होती:

'औषध दिलेलं नाही. जुने जंतू अजून आहेत. चौकशी चालू आहे. कच्चं मटण चिरलेली सुरी आणि पाट गरम पाण्यानं धुवा, मगच कांदा चिरा.'

समोर ज्ञानू उभा होता, हात मागं बांधून. त्यानं ते मोठ्यानं वाचलं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर पुन्हा सुरुवातीपासून वाचलं.

"आकारामदादा, ही जाहिरात हाय का धमकी?"

"हाय ते लिवलंय."

"असलं वाचून कोण घेणार?"

"कोण न्हाय घेणार तो तुझ्याकडं यील. तुझ्या दुकानात बोर्ड न्हाय न्हवं."

जमलेले लोक हसले. काही जण खरंच माघारी गेले. काही थांबले, आणि थांबलेले विकत घेण्याआधी विचारायला लागले. जुने जंतू म्हणजे कसले? शिजवल्यावर जातात का? मग आमच्या म्हातारीला गोळ्या लागू पडत नाहीत ते ह्याच्यानंच का? मामा प्रत्येकाला पत्र्याच्या दोन्ही बाजू दाखवत होते, पोतं दाखवत होते, बोटानं हवेत टिकली आणि गोल काढून दाखवत होते. पक्षी सगळे खपले नाहीत. सांगत मात्र ते दिवसभर होते. पप्पा मला म्हणाले, "चहाचं मशीन पुन्हा खोललंय बघ."

संध्याकाळी आक्काच्या स्वयंपाकघरात आम्ही जेवायला बसलो. कोंबडी चिरलेली विळी तिनं उकळत्या पाण्यानं धुऊन बाहेर भिंतीला टेकवून ठेवली होती आणि कांदा दुसऱ्या विळीवर चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "मला एक कळंना. दह्याचं इरजण नासलं तर आपुन काय दही खायचं सोडतोय काय? शेजारणीकडनं चांगलं आणतो की."

मामांचा घास हातातच राहिला.

"तुझ्या परड्यातल्या देशी कोंबड्या," ते म्हणाले.

त्या मी आधीच तपासल्या होत्या, कुतूहल म्हणून. शेडचं खत घरामागच्या परड्यातच पडतं आणि देशी कोंबड्या दिवसभर तेच उकरतात. त्यांनी आयुष्यात औषध पाहिलं नव्हतं, पण आर त्यांच्यातही होता. मी तसं सांगितलं.

"मग जिथं शेडच न्हाय तिथल्या," आक्का म्हणाली आणि कांदा चिरत राहिली.

श्रावणात एका सकाळी लॅबच्या जिन्यावर दोन माणसांचा दम लागलेला आवाज आला. आक्का पुढं, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत, आणि मागं मामा. आक्काचं माहेर राधानगरीच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. तिथं पोल्ट्री नाही, कोंबड्या रानात चरतात आणि झाडावर झोपतात. ती भावाकडं चार दिवस राहून थेट एसटीनं कोल्हापूरला उतरली होती. मामा तिला घ्यायला स्टँडवर गेले होते.

तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. झाकणाला वरून फडकं बांधलेलं, त्यावर दोरी.

शेजारच्या खुर्चीतल्या पेशंटनं डब्याकडं कौतुकानं बघितलं. "माहेरचं काय आणलंय, मावशी?"

"इरजण," आक्का म्हणाली. "उघडू नगा."

वाडीतल्या कोंबड्यांच्या विष्ठेच्या त्या डब्यावर मी नंबरचा कागद चिकटवला. नुसता आर नाही म्हणून भागणार नव्हतं, पिलांना मारणारे दुसरे रोग त्यात नाहीत ना, तेही बघावं लागणार होतं. त्याला किती दिवस लागतील, मध्ये काय काय करायचं, बशीत काय दिसलं तर काय समजायचं, हे मामांनी काउंटरला टेकून सगळं विचारून घेतलं. मग खिशातली पट्टी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

"ही ऱ्हाऊ दे हितंच. मोजताना लागंल."